तोझाच्या फ्रिजमधली ओल

तोझानं तीस वर्षं हवा मोजली, पण हवा काही त्याच्या कह्यात आली नाही.

फुटबॉलच्या मैदानाकडेला चार पायांवर एक पांढरी पेटी उभी होती. रोज सकाळ-दुपार तोझा ती उघडायचा, आतले काटे बघायचा आणि पंचायतीच्या फोनवरून शहरात आकडे ओरडून सांगायचा. संध्याकाळी रेडिओवर अंदाज यायचा. त्यात आमच्या गावाचं नाव कधीच नसायचं. तरी अंदाज बरोबर निघाला तर तोझा दुसऱ्या दिवशी छाती काढून फिरायचा आणि चुकला तर दारूच्या गुत्त्याकडे फिरकायचाच नाही. पुढे तिथे आपोआप चालणारं यंत्र बसलं, तोझाला पेन्शन मिळाली आणि ती पांढरी पेटी त्याला भेट म्हणून देण्यात आली. ती त्यानं अंगणात उभी केली. तेव्हापासून आमच्या गल्लीला कुणाचाही कसलाही त्रास झाला की त्याचं कारण तोझाकडे तयार असायचं.

"पाव बुरसला? ओल, दुसरं काय."

"गुडघा धरला? ओल."

"सून नांदत नाही? भिंतीत ओल असणार, कुमा. आधी भिंत बघ, मग सुनेला बोल."

कुमा म्हणजे मी, दारिन्का. तोझा आणि पेर्साच्या लग्नात मी साक्षीला उभी होते. आमच्याकडे साक्षीदाराचं नातं सख्ख्या बहिणीच्याही वर धरतात. म्हणजे काय, तर दोघांचं भांडण झालं की माझी सुटका नाही.

तोझाची बायको पेर्सा लग्न होऊन आली ती आईनं दिलेले हंस घेऊन. हंस म्हटल्यावर कुणी दूध आणि पाणी वेगळं करणारे समजू नये. हे चिखल आणि शेण एकत्र करणारे. पण मोठे, रुंद छातीचे, राखाडी पाठीचे. आसपासच्या गावांत तसे कुणाकडे नव्हते. पेर्साची आई गेली, ते घर विकलं गेलं, भावांनी तोंडं फिरवली. माहेरचं म्हणून उरली ती या हंसांची वीणच. पेर्सा त्यांना हाका मारायची तेव्हा आईच्या गावच्या बोलीत मारायची, आणि आम्ही ऐकायला गेलो की गप्प व्हायची.

हिवाळा सरता सरता एके संध्याकाळी तोझा हंसांच्या खुराड्यात डोकावला, नाक आक्रसलं आणि म्हणाला, "अठ्ठ्याऐंशी टक्के! फुप्फुसं कुजतील बिचाऱ्यांची." मग त्यानं खुराड्याचं सरकतं दार वीतभर वर उचललं आणि खाली लाकूड लावून ठेवलं. कोल्ह्याला टक्केवारीतलं काही कळत नव्हतं, पण वीतभर जागा कळत होती.

सकाळी एक हंस उरला. तो नर. त्याला तोझाची म्हातारी आई, युला आजी, 'मेजर' म्हणायची. मेजर वाचला, कारण आदल्या दिवशी तो पोस्टातल्या बिसेर्काच्या पोटरीला चावला होता आणि शिक्षा म्हणून वेगळ्या खोपटात कोंडलेला होता. आणि पेर्साच्या पलंगाखाली कोंड्याच्या टोपलीत अकरा अंडी होती. माद्या उबवायला बसायच्या आधी पेर्सा अंडी तशीच साठवून ठेवत असे. आता अंडी होती, बसायला कुणी नव्हतं.

पेर्सा ओरडली असती तर तोझा वाचला असता. ती ओरडली नाही. पिसं झाडून गोळा केली, हात धुतले आणि नवऱ्याशी बोलणं बंद केलं. समोरासमोर बसून जेवायची दोघं, आणि ती माझ्याकडे बघून म्हणायची, "कुमा, त्याला सांग, सूप गार होतंय." मी तोझाला सांगायचे, सूप गार होतंय. तोझा मला सांगायचा, "तिला सांग, खातोय." आपल्या घरी चूल थंड ठेवून मी दुसऱ्याच्या घरची तारयंत्रणा झाले होते.

मी उपाय सुचवला. माझी टर्की खुडूक होऊन बसली होती. खाली दगड ठेवला तरी उबवेल अशी. तोझानं माझ्याकडे कीव येऊन पाहिलं.

"टर्कीच्या पोटाखाली किती टक्के आर्द्रता असते, ठाऊक आहे तुला?"

"मी तिला कधी विचारलं नाही."

"बघ! आणि अशीच्या भरवशावर तू अकरा जीव टाकायला निघालीस."

"कुमा," पेर्सा खिडकीबाहेर बघत म्हणाली, "त्याला सांग, दार त्यानं उघडलं. आता अंडीही त्यानंच उबवायची. टर्की नको, कुणी नको. त्यानं."

हे मात्र मला सांगावं लागलं नाही. तोझाचा चेहरा पडला होता तो त्यानं ऐकलं म्हणूनच.

मग तो कामाला लागला. शेडमध्ये बंद पडलेला फ्रिज होता, तो ओढत आणून थेट बैठकीच्या खोलीत ठेवला. बैठकीची खोली म्हणजे घरातली सर्वांत चांगली, म्हणून कुणी न वापरायची खोली. तिथे कुळाच्या संताची तसबीर, संताच्या सणाला काढायचे काचेचे पेले, आणि मेलेला माणूस घरात असला तर तो. आता संताच्या तसबिरीखाली फ्रिज उभा राहिला. आत दिवा, ऊब धरायला. पत्र्याच्या थाळीत पाणी, ओल धरायला. दाराला काच. आणि हवा खेळावी म्हणून तोझानं खाली दोन आणि वर दोन अशी चार भोकं पाडली.

त्या भोकांनी गाव हादरलं.

आमच्या बानात प्रांतात कोशावा नावाचा वारा वाहतो, कौलं उडवतो, कोरड्या हवेनं ओठ फाडतो. त्याची कुणाला भीती नाही. माणसाला मारतो तो आरपार वारा. इकडून शिरला, तिकडून निघाला आणि मधल्या माणसाचा निकाल लावून गेला. त्यानं मान धरते, तोंड वाकडं होतं, मूत्रपिंडं गारठतात, पाळणे रिकामे राहतात. भर उन्हाळ्यात बस तापून भट्टी झाली तरी आमच्याकडे एकच खिडकी उघडतात. दुसरी उघडणाऱ्याला खाली उतरवतात. युला आजीची मान एका बाजूला कलली आहे, ती एका लग्नातल्या आरपार वाऱ्यानं. लग्न कुणाचं होतं ते तिला आठवत नाही, खिडक्या आठवतात.

"समोरासमोर भोकं?" ती फ्रिजभोवती फिरत म्हणाली. "तोझा, पोरा, लेकरं आहेत रे आत. कवचात अंगावर कापडसुद्धा नाही त्यांच्या."

"आई, श्वास घ्यायला हवा लागते. आणि जास्तीची ओल बाहेर पडायला वाट लागते. विज्ञान आहे हे."

"तुझ्या बापालाही विज्ञान होतं. कानात वारा शिरून गेला तो."

दर वसंतात घरोघरी तीर्थ शिंपडतात, तसे पाद्रीबाबा आले. त्यांनी फ्रिज बघितला, वर संत बघितला, क्षणभर घुटमळले आणि फ्रिजवरही तीर्थ शिंपडलं. दार नेमकं उघडं होतं. "पाद्रीबाबा, टक्केवारी!" तोझा किंचाळला. तीर्थालाही टक्केवारी असते हे पाद्रीबाबांना त्या दिवशी कळलं.

आता टक्केवारी मोजायची कशी? तोझाच्या पेटीतलं मोजयंत्र यंत्रं बदलताना काढून नेलेलं. ते केसावर चालायचं. माणसाचा केस ओल लागली की लांबतो, कोरड्यात आखडतो. केसाला काटा बांधला की काटा सांगतो. तोझानं सिगारेटच्या डब्यातून तसं यंत्र बनवलं, फक्त केस हवा होता. तोही सोनेरी, बाईचा, कधी न रंगवलेला. तोझा म्हणाला, तोच सर्वांत खरा.

साठीतला पुरुष गावभर सोनेरी केस मागत फिरला तर काय होतं, ते सांगायला नको. बिसेर्कानं पोस्टाच्या खिडकीतून त्याला विचारलं, "तोझा, तुमचा हंस माझी पोटरी घेऊन गेला, आता तुम्ही केस घेऊन जाणार? पुढच्या महिन्यात काय, तुमची म्हातारी दात मागायला येणार?" पण दिला एक, उपटून. तो तोझानं राकियात, म्हणजे प्लमच्या दारूत, बुडवून धुतला, तेल निघावं म्हणून. केसाला दोन थेंब लागले. बाटली मात्र अर्धी झाली.

काटा ओलीकडे गेला तो तिथेच बसला. ऐंशीच्या पुढे. हवे होते पंचावन्न.

"केस रंगवलेला आहे," तोझानं निकाल दिला. "मुळात काळी आहे ती बिसेर्का."

दुसरा केस सरपंचाच्या सुनेचा. काटा तिथेच. तोझा म्हणाला, ही पोर सारखी रडते, केसात पाणी उतरलंय. तिसरा शाळेतल्या बाईंचा. काटा तिथेच. बाई शहरातून आलेल्या, शहरातला केस. काचेच्या आतून थेंब ओघळत होते. ते तोझा बाहीनं पुसायचा आणि म्हणायचा, या गावात एकाही बाईचा केस खरं बोलत नाही. नाचता येईना, अंगण वाकडं. फक्त या वेळी अंगणात बायका होत्या.

थाळीतलं पाणी त्यानं कमी केलं, मग काढून टाकलं. काटा हलेना. एकदा मी गेले तेव्हा तो एक अंडं दिव्यासमोर धरून बसला होता. बोथट टोकाला हवेची पोकळी असते. पिल्लू वाढतं, अंड्यातलं पाणी उडतं, तशी ती पोकळी मोठी होते, आणि शेवटी पिल्लू त्याच हवेत चोच घालून पहिला श्वास घेतं.

"बघ," त्यानं मला दाखवलं. पोकळी अंगठ्याच्या नखाएवढी. "आतापर्यंत याच्या कितीतरी मोठी व्हायला हवी होती. जागाच नाहीये, कुमा. चोच बाहेर काढतील आणि पाण्यात काढतील." इतक्या वर्षांत मी तोझाला आकडा न सांगता बोलताना पहिल्यांदा ऐकलं, आणि मला त्याची दया आली. मला ती वरचेवर येत नाही.

"पेर्साला सांगितलंस?"

"माझं ऐकते कुठे ती?"

ऐकत होती. स्वयंपाकघराचं दार एवढंसं उघडं होतं.

दुसऱ्या दिवशी तोझाच्या ताटाशेजारी रुमाल होता. उघडला तर आत सोनेरी वेणी, हातभर लांब. लग्नानंतर कापलेली, पेर्साच्या पेटीत इतकी वर्षं गुंडाळून ठेवलेली. पेर्सा आता पार पांढरी झाली आहे. गावातली तरुण पोरं तर समजतात ती तशीच जन्मली. तिनं माझ्याकडे बघून म्हटलं, "त्याला सांग, गावभर भीक मागत फिरू नको. यातला एक घे. बाकीचे मोजून परत ठेव."

तोझानं एकच केस काढला. राकियात बुडवला, आणि या वेळी बाटली न चाखता बंद केली. केस बांधला, काटा बसवला, फ्रिजचं दार लावलं. पेर्सा, युला आजी आणि मी काचेला नाक लावून उभ्या. काटा थरथरला, चढला आणि ऐंशीच्या पुढे जाऊन थांबला.

तोझानं तोंड उघडलं. मी बघत होते. बिसेर्काचा केस खोटा, सुनेचा रडका, बाईंचा शहरी. आता पेर्साचा कसला? त्यानं एकदा काट्याकडे बघितलं, एकदा बायकोकडे. जिच्याशी बोलणं बंद आहे तिचा केस खोटा आहे म्हणायची छाती कुणाची? तोंड मिटलं.

"म्हणजे," तो हळूच म्हणाला, "ओल खरीच आहे."

आणि मग इतक्या दिवसांत पहिल्यांदा तो गुडघ्यावर बसला आणि त्यानं भोकं तपासली.

खालच्या पहिल्या भोकातून निघाला राखाडी लोकरीचा बोळा. युला आजीनं लगेच दोन्ही पाय स्कर्टखाली घेतले, पण एका मोज्याची टाच नव्हती ती दिसलीच. "लेकरं उघडी होती," ती म्हणाली. "एखाद्याची मान माझ्यासारखी झाली असती तर?"

दुसऱ्या भोकातून फुलाफुलांची चिंधी. पेर्साच्या एप्रनची. ती लाल झाली. "कुमा, त्याला सांग, ती माझी."

वरच्या पहिल्या भोकात सुकलेल्या रानतुळशीची जुडी. ती पाद्रीबाबा तीर्थ शिंपडायला वापरतात. बोळा होता, पण मंत्र म्हणून घातलेला.

चौथ्या भोकात बूच होतं. राकियाच्या बाटलीचं, त्यावर दातांच्या खुणा. घरात दातांनी बूच काढणारा माणूस एकच. युला आजीला दात नाहीत, पेर्साला लाज आहे. आम्ही तिघीही त्या बुचाकडे बघत राहिलो.

"ते... तात्पुरतं होतं," तोझा म्हणाला. मग खाली बसला. "बाहेर कोशावा सुटला होता. अंथरुणात पडल्या पडल्या वाटलं, आत शिरला तर? विज्ञान आहे, मला माहीत आहे. पण वाटलं, आत शिरला तर?"

त्यावर कुणी हसलं नाही. माझ्या खिशातही लोकरीचा एक गोळा होता. भोकं चारच होती म्हणून मी निर्दोष राहिले.

पेर्सानं नवऱ्याकडे बघितलं. बोलली नाही, पण बघितलं.

आता ओल घालवायची तर नुसती भोकं मोकळी करून भागणार नव्हतं. खोलीच दमट झाली होती. तोझा उठला, त्यानं डोक्यावर लोकरीची टोपी चढवली, कमरेला दोन शाली गुंडाळल्या, आणि बैठकीच्या खोलीची खिडकी उघडली. मग समोरचं दार उघडलं. कोशावा खिडकीतून आला आणि दारातून गेला. पडदे आडवे झाले, संताची तसबीर भिंतीवर आपटली.

"कोण मेलं?" युला आजी ओरडली. ती खिडकी आमच्याकडे फक्त मेलेल्याच्या आत्म्यासाठी उघडतात.

"कुणी नाही, आई. ओल काढतोय."

"मग मी मरायची वाट तरी बघायची होतीस!" म्हणत ती तीन शाली घेऊन मागच्या स्वयंपाकघरात जाऊन बसली.

तोझा मात्र खुर्ची टाकून त्या आरपार वाऱ्याच्या बरोबर मध्ये बसला. काट्यावर नजर, नाकातून पाणी. रस्त्यावरून जाणारे थांबत, उघडी खिडकी बघत, समोरचं उघडं दार बघत आणि छातीवर क्रूस काढत. दुपारपर्यंत बिसेर्का काळा रुमाल बांधून, दुखवट्याचे उकडलेले गोड गहू घेऊन हजर.

"केव्हा गेल्या आजी?" तिनं डोळ्याला रुमालाचं टोक लावलं.

मागच्या स्वयंपाकघराचं दार उघडलं. "आण इकडे," युला आजी म्हणाली. "अक्रोड घातलेत का?"

काटा मात्र उतरला. हळूहळू, पण उतरला. बैठकीची खोली रोज अशी उघडी राहिली. तोझा शिंकत राहिला, गाव त्याचं तोंड केव्हा वाकडं होतं याची वाट बघत राहिलं. मान धरली नाही, तोंड वाकडं झालं नाही. गावानं त्यातून काही शिकावं? छे. सगळे म्हणाले, तोझा आधीपासूनच वाकडा आहे, त्याला वारा काय करणार.

अंड्यातून टकटक ऐकू आली त्या दिवशी तोझानं पुन्हा खिडकी लावली, थाळी भरली आणि ओली फडकी अंथरली.

"आता परत ओल?" युला आजी म्हणाली.

"आता हवी, आई. आतली कातडी सुकली तर पिल्लू तिच्यातच अडकतं."

"या पोराला हवामान काही पटत नाही," तिनं मला सांगितलं.

कुणी फ्रिज उघडला नाही. पेर्सा स्टुलावर, तोझा जमिनीवर, मधे काच. बाहेर मेजर दारावर चोच आपटत होता. पहिलं कवच फुटलं ते संध्याकाळी. मग दुसरं. पिवळट-राखाडी, ओलं, चिडलेलं काहीतरी बाहेर आलं आणि फ्रिजच्या जाळीवर पालथं पडलं. पेर्सा आपल्या आईच्या बोलीत काहीतरी पुटपुटली. या वेळी आम्ही असताना.

पाच निघाली. सहा निघाली नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. तोझानं ती सहा फोडून बघितली. पूर्ण वाढलेली पिल्लं, सुजलेली, चोच हवेच्या त्या छोट्या पोकळीपर्यंत पोचलेली आणि तिथेच पाण्यात थांबलेली. त्यानं एकही आकडा सांगितला नाही. पेर्सानं तीच फुलाफुलांची चिंधी त्याच्यापुढे ठेवली. त्यानं त्यात सहाही गुंडाळली, कुदळ घेतली आणि प्लमच्या झाडाखाली गेला. खिडकीतून मला त्याची पाठ दिसत होती. लहान खड्ड्याला एवढा वेळ लागत नाही.

तो परत आला तेव्हा पेर्सा चुलीजवळ बसली होती. टोपलीत पाच पिल्लं, एकमेकांवर चढलेली. तोझा उंबऱ्यातच उभा राहिला, हातात मातीनं माखलेली कुदळ, आत यावं की नाही ते न कळून. दार सताड उघडं, आणि मागे कोशावा.

पेर्सानं मान वर केली. मी सवयीनं तोंड उघडून तयार राहिले. पण तिनं माझ्याकडे बघितलं नाही.

"तोझा," ती म्हणाली, "दार लाव. पिल्लांना वारा लागतोय."

तोझा आत आला. त्यानं दार लावलं, कडी घातली, आणि मग ती नीट बसली आहे का हे एकदा ओढून बघितलं.